भैरोबाच्या छातीवरचे बिल्ले

माझ्या वडिलांच्या फौजेच्या पुस्तकात शेवटच्या पानावर एक रकाना होता. मिळालेली पदके. त्या रकान्यात कुणीतरी पट्टी लावून शाईची आडवी रेघ मारली होती. ती रेघ आठवली की आजही माझं डोकं सणकतं. रकाना कोरा राहिला असता तर मी म्हटलं असतं, जाऊ दे, माणूस विसरतो. पण रेघ मारायला पट्टी शोधावी लागते, टाक दौतीत बुडवावा लागतो. म्हणजे त्या मेल्यानं निवांत बसून ठरवलं होतं, की माझ्या बापाला काही मिळालेलं नाही.

मिळालं होतं की! सगळ्या गावानं बघितलं होतं. आबा, म्हणजे माझे वडील, काश्मीरच्या लढाईत होते. बर्फात पायाची बोटं गेली म्हणून मुदतीच्या आधी सुटून घरी आले. पदकं पुढे बऱ्याच दिवसांनी पोस्टानं आली. मी तेव्हा परकरात होते, पण तो दिवस मला नीट आठवतो. पोस्टमननं चावडीच्या कट्ट्यावर दोन पार्सलं ठेवली आणि दोन नावं मोठ्यानं पुकारली. त्यातलं एक नाव आबांचं. पार्सलातून दोन बिल्ले निघाले. आमच्याकडं कोरेगावच्या बाजूला पदकाला बिल्लाच म्हणतात. रंगीत फितीला लोंबणारे ते दोन बिल्ले आबांनी तळहातावर घेतले, बघितले, आणि छातीला न लावताच ते आजीकडं बघायला लागले.

कारण आजीचा नवस होता. लेक लढाईवर असताना तिनं गावच्या भैरोबाला सांगितलं होतं, "माजा ल्योक जिता येऊं दे. त्येच्या छातीवर जे आसंल ते तुज्या छातीवर." आता लेक आला होता आणि छातीवर लावायचंही आलं होतं. त्याच संध्याकाळी हलगी लावून, गुलाल उधळत बिल्ले देवळात गेले. गुरवानं ते देवाच्या छातीवर शेंदरात दाबून बसवले. आबांनी ते अंगावर एक घटकाभरही मिरवले नाहीत.

पुढे दर अमावास्येला गुरव देवाला तेल-शेंदूर लावायचा, तो भक्तिभावानं बिल्ल्यांवरूनही लावायचा. त्याची काही चूक नव्हती. फिती कुजून गेल्या, बिल्ल्यांवर पुटं चढत गेली, आणि मी लग्न होऊन सांगलीला गेले तोवर देवाच्या छातीवर नुसते दोन उंचवटे राहिले होते. म्हाताऱ्यांना ठाऊक होतं ते काय आहेत. नव्या पोरांना वाटायचं, देवाची छातीच तशी आहे.

एकाहत्तरची लढाई जिंकली आणि गावाला फौजेचं वारं भरलं. आमच्या गावात घरटी एक माणूस पलटणीत, त्यामुळं ते साहजिकच होतं. ठरलं असं, की ग्रामपंचायतीसमोर संगमरवरी पाटी बसवायची. तिच्यावर गावातल्या सगळ्या फौजींची नावं आणि नावापुढं कुणाला कुठलं पदक मिळालं ते कोरायचं. पुढाकार एका ऊस बागाईतदारानं घेतला. स्वतः कधी कोरेगावच्या बाजाराच्या पलीकडं लढायला गेला नव्हता, पण पाटीच्या कमिटीचा अध्यक्ष तोच. त्यानं साताऱ्याहून, माजी सैनिकांचे कागद बघणाऱ्या ऑफिसातून यादी आणली आणि चावडीवर सगळ्यांसमोर वाचून दाखवली.

मी तिथं नव्हते. आईनं मला नंतर सांगितलं. "दोन नावांफुडं रेघ निघाली बग. एक तुजं आबा, आन् दुसरा बौद्धवाड्यातला, तो तर मरून बी गेला बिचारा." रेघ वाचली तेव्हा आबा पहिल्या ओळीत, पटका बांधून बसले होते. अध्यक्ष हसून म्हणाला, "आबा, आवं इतकी वर्सं आमास्नी काय काय सांगत हुता! हितं तर कायच न्हाई." आणि चारदोन पोरं फिदीफिदी हसली. आबा घरी आले, पटका खुंटीला अडकवला, आणि त्या दिवसापासून चावडीवर जायचे बंद झाले. देवळातही जाईनात. आईनं सांगलीच्या गाडीच्या कंडक्टरकडं निरोप दिला, की लेकीला म्हणावं ताबडतोब ये, बापानं अन्न टाकलंय.

मी सांगलीला मुलींच्या शाळेत शिवण शिकवत होते. रजा टाकली आणि निघाले. ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, स्टँडवर सोडताना एवढंच सांगितलं, "तोंड जरा आवरून." माझ्या तोंडाची ख्याती सासरीही पोचली होती.

घरी गेले तर आबा सोप्यात भिंतीकडं तोंड करून बसलेले. जो माणूस पाटाच्या पाण्यावरून अख्ख्या भावकीला दरडावायचा, तो असा बसलेला बघून मला संताप आला. म्हटलं, "आबा, उठा. साताऱ्याला जायचंय. पाटी कोरायच्या आधी ती रेघ खोडून आणायची."

"कशाला? गावाला म्हाईत हाय."

"गावाला माहीत होतं. आता दगडात रेघ कोरतील, मग तुमच्या नातवंडांना काय माहीत राहील?"

तेव्हा ते उठले.

साताऱ्याच्या त्या ऑफिसात एक कारकून होता. त्याला मी अजून विसरले नाही. आबांनी टाचा जुळवून नमस्कार केला, पुस्तक पुढं केलं, सगळं नीट सांगितलं. त्यानं मान वर न करता विचारलं, "पदकं आणलीत?"

"देवाला दिल्यात, सायेब."

"कुणाला?"

"भैरोबाला. आमच्या आयचा नवस हुता."

त्यानं शेजारच्याकडं बघून डोळा घातला आणि म्हणाला, "मग भैरोबालाच घेऊन या. इथं अंगठा उठवू दे त्याला, लगेच नोंद करतो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बर्फात बोटं गमावून आलेला माणूस समोर उभा आहे, त्याला आधी बस म्हणायचं सोडून हा थट्टा करतो? मी तोंड उघडणार, तेवढ्यात आबांनी माझं कोपर घट्ट धरलं. फौजेच्या ऑफिसात ते अजूनही शिपाईच होते. आम्ही अर्ज दिला आणि बाहेर आलो.

मग सुरू झाले हेलपाटे. साताऱ्याचं ऑफिस म्हणे, पलटणीच्या केंद्राकडून कागद आणा. केंद्राला लिहिलं तर ते म्हणे, जिल्ह्याच्या ऑफिसाकडून शिफारस येऊ द्या. म्हणजे ह्यानं त्याच्याकडं बोट दाखवायचं आणि त्यानं ह्याच्याकडं, आणि मधल्या मधे आम्ही एसटीचे धक्के खायचे. तिकडं अध्यक्षाचा निरोप रोज येत होता: पाथरवट आलाय, दगड आलाय, आबांसाठी किती थांबायचं?

शेवटी एकदा मी आबांना घरी ठेवून एकटीच गेले. कोपर धरायला कुणी नव्हतं. कारकुनानं पुन्हा "भैरोबा आला का?" असं विचारल्याबरोबर माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. म्हटलं, "तुला लाज वाटते का रे? ज्या खुर्चीत बसतोस ती असल्या माणसांच्या जिवावर आहे. त्यांनी मिळालेलं देवाला वाहिलं, विकून खाल्लं नाही. तू आयुष्यात कुणाला काही दिलंयस का, पट्टीनं मारलेल्या रेघांशिवाय?" ऑफिसातली सगळी टाइपरायटरं थांबली. आतल्या खोलीतून एक साहेब बाहेर आले. स्वतः पलटणीतून आलेले असावेत, चालण्यावरून कळत होतं. त्यांनी मला आत बोलावलं, खुर्ची दिली, पाणी दिलं. पाणी पिताना मला रडू आलं, याचा मला आणखीच राग आला.

सगळं ऐकून ते म्हणाले, "बाई, सुटताना पुस्तक बंद झालं आणि पदकं मागाहून आली, म्हणून रेघ राहिली. पण पदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर आणि नाव कोरलेलं असतं. ते मी माझ्या डोळ्यांनी वाचलं तर माझ्या सहीनं दुरुस्ती वर पाठवतो. पण वाचायला मिळालं पाहिजे."

"मग तुम्हीच या की देवळात. देव काही साताऱ्याला यायचा नाही."

ते मिशीत हसले आणि म्हणाले, "येतो."

मला वाटलं, गड जिंकला. घरी येऊन आबांना सांगितलं तर ते म्हणाले, "व्हय, कडंला नंबर आसतोय." म्हणजे त्यांना माहीत होतं! मी कपाळावर हात मारला. "मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"बोलून काय करू? देवाचं कवच कोन फोडनार?"

ते खरं होतं. शेंदराची पुटं म्हणजे देवाचं कवच. आमच्याकडं ते माणसाच्या हातानं काढत नाहीत. देवाला वाटेल तेव्हा देवच सोडतो, मग वाजतगाजत नदीत शिरवतात. मी देवळात जाऊन गुरवाला विचारलं. तो भला माणूस, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "आक्का, आबांसाठी मी जीव दीन, पर द्येवाला खरवडायला लावू नगंस." एवढ्यात अध्यक्ष तिथं आलाच. त्या साली पावसानं ओढ दिली होती, विहिरी तळाला गेल्या होत्या. तो चार माणसांदेखत म्हणाला, "गाव पान्याला म्हाग झालंय, आन् हिला द्येवाची छाती उकरायचीया! उद्या काय वंगाळ झालं तर कोन निस्तरनार?"

मी म्हटलं, "वंगाळ झालंय ते आधीच झालंय. खऱ्या माणसाला तुम्ही चावडीवर खोटं पाडलंत, आणि आता देवाच्या मागं लपताय." माझ्या बाजूनं कुणी बोललं नाही. आणि सगळ्यात कहर म्हणजे घरी आल्यावर आबाच माझ्यावर ओरडले, "द्येवाला हात लावायचा न्हाई! मी खोटा ठरलो तरी चालंल."

"मला नाही चालणार!" मीही ओरडले. भिंतीपलीकडच्या चुलत्यांनी दार लावून घेतलं.

आई चुलीपुढं बसून आमचं ऐकत होती. भाकरी थापता थापता म्हणाली, "खरवडायचं न्हाई म्हंतात न्हवं? मग तेल घाला की. आरतीच्या ताटाला शेंदूर घट्ट बसला की मी कोमट तेलच सोडती. आन् द्येवाला तेल घालायला कोन न्हाई म्हननार हाय?"

आबांनी मान डोलावली. मी गुरवाकडं पळाले. ऐकून तो म्हणाला, "त्याल म्हंजे सेवाच की!"

साहेब यायच्या दिवशी बायका देवळात जमल्या. त्या दुष्काळात तेल फोडणीपुरतं मिळायची मारामार, तरी प्रत्येकीनं वाटी आणली. चावडीवर ज्यांचे नवरे गप्प बसले होते, त्यांच्या बायका रांगेत उभ्या होत्या. मोठ्या पातेल्यात तेल कोमट करून गुरव ते देवाच्या छातीवर धारेनं सोडत राहिला. साहेब बूट काढून, डोक्याला रुमाल बांधून गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी बसले. बराच वेळ नुसतं लाल तेल ओघळत होतं. अध्यक्ष खांबाला टेकून उभा होता आणि मला त्याच्याकडं बघवत नव्हतं.

मग एका उंचवट्याची कडा मऊ झाली. गुरवानं बोटाचा दाब दिला नाही, मी डोळ्यांनी बघत होते. बिल्ला आपणहून सरकला आणि त्याच्या ओंजळीत आला.

"द्येवानं सोडला!" कुणीतरी ओरडलं आणि घंटा घणघणली.

साहेबांनी तो रुमालानं पुसला, कडा उजेडाकडं धरली. मग न वाचताच मागं वळून म्हणाले, "जवान, आपला नंबर?"

आबा मंडपात उभे होते. ते ताठ झाले. नंबर, हुद्दा, नाव, असं त्यांनी एका दमात, अशा आवाजात सांगितलं की देवळावरची कबुतरं उडाली. साहेब कडेवरचं एकेक अक्षर बोटानं लावत ऐकत होते. शेवटी त्यांनी उभं राहून आबांना सॅल्यूट केला. आई मंडपातच पदर तोंडाला लावून खाली बसली. मी अध्यक्षाकडं बघितलं, मुद्दाम बघितलं, आणि तो दुसरीकडं बघायला लागला. देवाच्या छातीवरच्या दुसऱ्या बिल्ल्याची कडाही तोवर मोकळी झाली होती, ती साहेबांनी जागेवरच वाकून वाचली.

गुरवानं सुटलेला बिल्ला आबांच्या हातावर ठेवला. "आबा, ह्यो आता तुमचा. द्येवानंच दिला." सगळे म्हणायला लागले, लावा, छातीला लावा. मी तर सुईदोरा घेऊन पुढं झाले. आबांनी बिल्ला दोन्ही बाजूंनी बघितला, अंगठ्यानं पुसला. मग गाभाऱ्यात गेले, शेंदराची वाटी घेतली आणि तो जिथं होता तिथं परत दाबून बसवला.

"आबा! अहो एक दिवस तरी!" माझा संताप अनावर झाला.

"आयनं शबूद दिलाय. ती ग्येली म्हंजे शबूद बी ग्येला व्हय?"

मी देवळाबाहेर जाऊन पायरीवर बसले आणि मुकाट रडले.

साहेबांनी शब्द पाळला. दुरुस्तीचं पत्र आलं, नव्या पुस्तकात दोन्ही पदकांची नोंद आली, आणि पाथरवटानं मोकळ्या सोडलेल्या जागेत ती कोरलीही. प्रजासत्ताकदिनी पाटीवरचा पडदा सरला. मी सांगलीहून खास आले होते. आबा पटका बांधून, मोकळ्या छातीनं पहिल्या ओळीत उभे होते. माणसं पांगल्यावर ते पाटीजवळ गेले. त्यांना अक्षरं बोटानं चाचपत वाचायची सवय होती. स्वतःची ओळ वाचून झाली, तरी बोट थांबलं नाही. खालच्या ओळीवर गेलं आणि तिथंच राहिलं.

"ही रेघ कशी ऱ्हायली?"

ती बौद्धवाड्यातल्या त्या फौजीची ओळ होती. नावापुढं आडवी रेघ. संगमरवरात, खोल, सुबक कोरलेली.

"ह्येला बी मिळालं हुतं," आबा म्हणाले. "ह्यो बी माज्यावानीच आधी सुटून आला. आमची पार्सलं एकाच दिवशी आली. पोस्टमननं आमची दोघांची नावं पाठोपाठ पुकारली हुती."

चावडीच्या कट्ट्यावरचं दुसरं पार्सल! मी विचारलं, "मग त्यांचे बिल्ले कुठंयत? देवाच्या छातीवर तर दोनच आहेत."

आबांनी माझ्याकडं असं बघितलं, की मला विचारल्याचं वाईट वाटलं. "त्येला तवा देवळात कोन घेत हुतं?"

त्या दिवशी आमच्या दारातून हलगी वाजत गेली, तेव्हा तो माणूस आपलं पार्सल काखेत मारून खालच्या वाटेनं घरी गेला असणार. इतक्या हेलपाट्यांत, इतक्या भांडणात त्याचं नाव ना अध्यक्षाच्या तोंडी आलं, ना साहेबाच्या, ना कुणाच्या. ती रेघ वाचली तेव्हा कुणी हसलंसुद्धा नाही. हसायलाही माणूस मोजावा लागतो.

आम्ही तसेच बौद्धवाड्यात गेलो. त्याची बायको दारात शेंगा फोडत बसली होती. आबांनी बिल्ल्यांचं विचारताच ती आत गेली आणि पत्र्याच्या पेटीतून लुगड्याच्या घडीत ठेवलेलं फडकं घेऊन आली. दोन्ही बिल्ले फितीसकट, लख्ख. कडेवरचा नंबर मला चष्म्याशिवाय वाचता आला. ना शेंदूर, ना कवच, ना तेल. नुसतं कुणीतरी विचारायचं बाकी होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आम्ही तिघं साताऱ्याला गेलो. कारकून तोच होता. मला बघून तो सावरून बसला, आणि त्यानं नेहमीचा प्रश्न जरा बेतानं विचारला, "पदकं आणलीत?"

तिनं नवऱ्याचं पुस्तक पुढं केलं आणि फडकं सोडून बिल्ले टेबलावर ठेवले. त्यानं ते उलटेपालटे केले, कडा वाचली, पुस्तकाशी ताडून बघितली. सगळं बरोबर होतं. मग तो जरा वैतागूनच म्हणाला, "अहो बाई, एवढं घरात होतं तर इतकी वर्षं आणलं का नाहीत?"

"कुनी आना म्हनलंच न्हाई," ती म्हणाली.